लहान मेंदू आणि हाताचे वळण



भाकरी थापायला नव्याने बसलेल्या मुलीची भाकरी एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ होते. काही महिन्यांनी तोच हात गप्पा मारता मारता गोल भाकरी थापू लागतो. मधल्या काळात बदलले काय? ह्या प्रश्नाचा माग काढीत आम्ही आज आपणांस डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या लहान मेंदूकडे नेणार आहो.

हा लहान आहे तो नावापुरता. वजनाने मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. पण माणसाच्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज येथेच दाटीवाटीने राहतात. त्याला इजा झाली म्हणजे माणूस लुळा पडत नाही, त्याचा अंदाज चुकतो. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स ह्या डॉक्टरांनी असे जखमी सैनिक तपासले. हात उचले, पण वस्तूच्या पुढे तरी जाई किंवा अलीकडेच थांबे.

येथील मुख्य पेशी पुर्किंये ह्या चेक शास्त्रज्ञाने १८३७ साली वर्णिली. तिच्यावर लाखाहून अधिक बारीक तंतू येऊन टेकतात, आणि एकच जाड तंतू वेलीसारखा तिला वेढून चढतो. चूक झाली की ही वेल हाक देते, आणि त्या क्षणी जे बारीक सांधे बोलत होते त्यांचा आवाज खाली येतो, अशी कल्पना पुढे आली. १९८२ साली जपानच्या मासाओ इतो ह्यांनी सशांवरील प्रयोगांत हा आवाज खरोखरच उतरतो असे दाखविले. शिकणे म्हणजे पुष्कळदा काहीतरी गप्प करणे, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

हे बोलणे चालते ग्लुटामेट ह्या द्रव्याने. इकेदा ह्यांनी १९०८ साली समुद्रशेवाळातून चवीसाठी काढले तेच हे. (चिनी जेवणाने हात वळेल, अशी आशा मात्र कोणी धरू नये!) ते झेलणारे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असतात, ते आत ओढले गेले की सांधा क्षीण होतो. १९९३ साली ह्याच कुळातला एक विचित्र ग्राहक सापडला. रूप भाऊबंदांचे, पण ग्लुटामेटला तो हातही लावीत नाही! तो नसलेले उंदीर १९९५ साली तयार केले, तर ते झोकांड्या खात, आणि त्यांचे पुष्कळ सांधे जुळलेलेच नव्हते. २०१० साली उलगडा झाला : मधल्या एका प्रथिनाच्या साह्याने तो समोरच्या तंतूला धरून ठेवतो. ग्राहक कसला, बटणाचा काजच तो!

मात्र २०११ साली नेदरलंड्समधील संशोधकांनी सांधे क्षीण न होणारे उंदीर घेतले, आणि ते व्यवस्थित शिकले. इतोंचा सिद्धान्त त्यामुळे निकालात निघाला असे आम्ही मानीत नाही. सांधे बळकट होऊनही शिकणे घडते; एक वाट बंद झाली तर दुसरी असावी.

हा केवळ प्रयोगशाळेतला वाद नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हॉजकिनच्या रोगातून सावरलेल्या दोन रुग्णांचा तोल गेला होता. त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये लहान मेंदूतील ग्लुटामेटच्या एका ग्राहकावरच उलटली होती. ती उंदरांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात टोचताच उंदीरही अडखळू लागले, आणि काही काळाने पुन्हा नीट चालू लागले.