द्वेष शिकवला गेला, तो व्यासपीठावरूनच पुसायला हवा



आज मी एक ख्रिस्ती माणूस म्हणून बोलणार आहे. विषय आमच्या घरातलाच आहे: यहूदीद्वेष आणि चर्चची जबाबदारी.

ज्यूल इझाक हे फ्रान्समधले यहूदी इतिहासकार. त्यांची पत्नी आणि मुलगी यांना नाझींनी औशविट्झला नेऊन मारलं. इझाक वाचले आणि एकाच प्रश्नामागे लागले: ख्रिस्ती युरोपात हे घडू कसं शकलं? त्यांना सापडलेलं उत्तर आम्हाला झोंबणारं आहे. नाझींचा वंशवाद नवा होता, पण जमीन आधीच नांगरलेली होती. ‘यहूद्यांनी ख्रिस्ताला मारलं, म्हणून ते शापित आहेत’ हे शतकानुशतकं प्रवचनांतून शिकवलं गेलं होतं. इझाक त्याला ‘तिरस्काराची शिकवण’ म्हणत. मार्टिन ल्यूथरसारख्या सुधारकानंही 1543 साली यहूद्यांची प्रार्थनास्थळं जाळा, असं लिहून ठेवलं.

जून 1960 मध्ये, वयाच्या 82व्या वर्षी, इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले. पुढे 28 ऑक्टोबर 1965 रोजी व्हॅटिकन परिषदेनं ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा संमत केला. बाजूनं 2221 मतं, विरोधात 88. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येणार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकेतल्या मोठ्या ल्यूथरन चर्चनं 1994 साली ल्यूथरचं ते लिखाण जाहीरपणे नाकारलं.

मग आता काय उरलं? उरलंय ते आपल्या रविवारच्या उपासनेत. जाहीरनामा रोममध्ये निघतो. गुड फ्रायडेचं प्रवचन मात्र आपल्या गावच्या चर्चमध्ये होतं. तिथे क्रुसाची शिक्षा फर्मावणारा पिलात हा रोमन सुभेदार होता, हे सांगितलं जातं का? येशू, मरिया, पेत्र, पौल हे सगळे यहूदीच होते, हे मुलांना कळतं का? ‘परूशी’ हा शब्द आपण ढोंगी माणसासाठी सहज वापरतो, तो थांबवतो का?

कोणी म्हणेल, भारतात यहूदी आहेत किती? मोजकेच. पण मराठी बोलणारे बेने इस्राएल कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शेजाऱ्यांनी त्यांचा छळ केला नाही. हा वारसा आपला आहे. युरोपातल्या जुन्या प्रवचनांतलं विष इथे आणून तो नासवायचा का?

एक गोष्ट स्पष्ट करतो. इस्रायल सरकारच्या धोरणावर टीका करणं म्हणजे यहूदीद्वेष नव्हे. गाझातल्या माणसांसाठी प्रार्थना करायलाच हवी. पण त्या सरकारचा राग जगभरच्या यहूद्यांवर काढला जातो, तेव्हा पहिला आक्षेप चर्चनं घ्यायला हवा. कारण एका समाजाला सरसकट दोषी धरायची सवय आम्हीच लावली होती.

म्हणून पाळकांना आणि धर्मगुरूंना माझी विनंती आहे: येत्या गुड फ्रायडेचं प्रवचन लिहून झालं की, समोरच्या बाकावर एक बेने इस्राएल शेजारी बसला आहे असं समजून ते पुन्हा वाचा. जे वाक्य त्याच्यासमोर उच्चारता येणार नाही, ते खोडा.