पाणंद बुजली, तरी हक्क बुजत नाही



आज बोलूया पाणंदीबद्दल. पाणंद म्हणजे शेताकडं जायची जुनी गाडीवाट. बैलगाड्या कमी झाल्या, डांबरी सडक दुसरीकडून गेली आणि पाणंदीत बाभळी माजल्या. मग दोन्हीकडचे बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासानं आत सरकले. आता कित्येक ठिकाणी पाऊल ठेवायलाही जागा नाही.

याचा त्रास कुणाला? ट्रॅक्टरवाला लांबून वळसा घालतो. आपण मात्र वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन चिखलातून जातो, नाहीतर दुसऱ्याच्या पिकातून बोलणी खात जातो. ऊस तयार असतो, पण गाडी फडापर्यंत येत नाही. एकटी कसणारी बाई मग रान पडीक टाकते, नाहीतर मिळेल त्या भावात देऊन टाकते. आधी वाट जाते, मागोमाग जमीन जाते.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवू. वापर थांबला म्हणून सरकारी रस्ता शेजाऱ्याचा होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे, कुणाच्या खासगी मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या मालकीच्या असतात.

मग करायचं काय? आधी भूमी अभिलेख कार्यालयातून, म्हणजे आपल्या मोजणी ऑफिसातून, गाव नकाशाची नक्कल काढायची. त्यात तुटक दुहेरी रेघ असेल तर ती गाडीवाट, तुटक एकेरी रेघ असेल तर पायवाट. नकाशावरच्या रस्त्यावर अतिक्रमण असेल तर ते काढण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सोबत ग्रामसभेचा ठराव असला तर अर्जाला वजन येतं.

वहिवाटीचा रस्ता कुणी नुकताच अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 आहे. पण इथं मुदत आहे: अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. म्हणून काटे टाकले, चर खणली, तारेचं कुंपण घातलं, की ती तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणत बसलो तर मुदत निघून जाते.

आणि शेताला रस्ताच नसेल तर? मग महसूल संहितेचं कलम 143. यात तहसीलदार चौकशी करून दुसऱ्याच्या बांधावरून वाट देऊ शकतात. हा अर्ज जमीन धारण करणाऱ्यानं करायचा असतो. मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर आपलं नाव का हवं, ते इथं कळतं.

तहसीलदार किंवा तलाठी पाहणीला येतील त्या दिवशी एकटीनं जाऊ नका, गटातल्या चारजणी सोबत घ्या. पंचनामा वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. आपलं म्हणणं त्यात लिहिलं गेलंय का, ते तिथंच विचारा. निकाल आपल्या बाजूनं लागला, तर सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात रस्त्याची नोंद करण्यासाठी अर्ज द्या.

शेजारी हा जन्माचा असतो. म्हणून आधी चारचौघांत, नकाशा समोर ठेवून बोलू. पुष्कळदा नुसता नकाशा उघडला तरी आवाज खाली येतात. पण बोलणी चालू आहेत म्हणून 6 महिने हातचे घालवू नका.

पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबाबरोबर एवढं एक काम करूया: गाव नकाशासाठी वर्गणी काढूया आणि दोघींना मोजणी ऑफिसात पाठवूया.