आण्णांचा वाढदिवस नक्की कधी?

आजचा भाग वाढदिवसाचा आहे, पण सुरुवात एका तारखेपासून करते. १ जून.

तुमच्या घरातली, गल्लीतली, भिशीतली साठीच्या पुढची माणसं आठवा आणि त्यांच्या दाखल्यावरची जन्मतारीख विचारा. १ जूनवाले बरेच निघतील. एवढी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली? तर नाही जन्मली. त्या काळी खेड्यापाड्यात जन्माची नोंद कोण ठेवत होतं? बाप पोराला शाळेत घेऊन जायचा, मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "सुगीत झालाय." आता सुगीची तारीख रजिस्टरात कशी लिहिणार! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पोराला सहा वर्षं पूर्ण झालेली दिसायला हवीत, म्हणून मास्तर १ जून टाकून मोकळे. पुढं यातलीच पोरं सरकारी नोकरीत गेली. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला आपल्याकडच्या कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची रांग लागते. मास्तरांच्या एका सहीनं किती हार-तुरे ठरले बघा.

आमचे आण्णाही त्यातलेच. दाखल्यावर १-६-१९५०. ते सरकारी नोकरीत नव्हते, यंत्रमागावर जॉबर होते. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगते, माग बिघडला की तो लावून देतो तो जॉबर. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आणला, त्यानंतर हे गाव मागाच्या पाळीवरच उठतं आणि झोपतं. बारा तासांची दिवसपाळी, बारा तासांची रात्रपाळी. आमच्या लहानपणी गल्लीतले वाढदिवस तारखेला व्हायचेच नाहीत. बाप रात्रपाळीला, शेजारचे काका दिवसपाळीला, मग सगळं दिवाळीवर ढकलायचं. दिवाळीच्या सुट्टीत माग बंद झाले की खडखडाट थांबायचा आणि पहिल्या दिवशी कानात कसंतरीच व्हायचं. बोनस झालेला असायचा, माणसं घरात असायची. त्यामुळं आम्हा भावंडांचे तिघांचे वाढदिवस भाऊबीजेच्या एकाच ओवाळणीत उरकलेत. कुणाला वाईटबिईट वाटलं नाही.

आण्णा मात्र १ जूनला कधी साधा पेढा खायचे नाहीत. कुणी शुभेच्छा दिल्या की म्हणायचे, "आज माझा नव्हं, मास्तरांचा वाढदिवस." त्यांचा खरा दिवस बेंदूर. आणि बेंदूर म्हणजे आमचा कर्नाटकी बेंदूर, ज्येष्ठी पौर्णिमेचा. बाकी महाराष्ट्राचा बेंदूर आषाढात येतो, पण आम्ही सीमेवरची माणसं. कानडी मुलखात याला कारहुणवी म्हणतात आणि आमच्या आजीच्या तोंडी तोच शब्द होता. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, पुरणपोळी, संध्याकाळी कर तोडायला गावभागात गर्दी. ज्यांच्या दारात बैल नाही ते कुंभाराकडून मातीचे बैल आणतात. आण्णा म्हणायचे, "सगळं गाव सजतंय माझ्या वाढदिवसाला, केक कशाला पाहिजे?"

यंदा पंच्याहत्तरी आली आणि इथंच घोडं अडलं. पुण्याचा भाऊ म्हणाला, १ जून रविवार आहे, सगळ्यांना जमतंय, हॉल बघतो. आण्णा म्हणाले, मी येणार नाही. यंदा ज्येष्ठी पौर्णिमा १० जूनला, मंगळवारी. भावाला रजा नाही, पोरांना सोडवत नाही. फोनवर आवाज चढले. भाऊ म्हणाला, "दाखल्यावर आहे ती तारीख का चालत नाही?" आण्णांनी फोन ठेवला तो ठेवलाच. चार दिवस बोलणं बंद. मंडळी, हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला स्वतःचा दिवस मिळावा असं वाटत असेल, तर त्याला हट्ट म्हणणं मला तरी पटत नाही.

सोडवलं आमच्या आत्यानं. आत्या आण्णांहून आठ वर्षांनी मोठ्या. त्या म्हणाल्या, "हा कारहुणवीला झाला आणि पंधरवड्यात धोंडा लागला. आई बाळंतीण, म्हणून आमचे वडील धोंड्याच्या वाणाला सासुरवाडीला एकटेच गेलते. एकट्यानंच अनारसे खाल्ले म्हणून आई किती तरी वर्षं टोमणे मारायची."

आता बघा, धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास, तो सुमारे तीन वर्षांतून एकदा येतो, आणि दर वेळी वेगळ्या महिन्याला चिकटतो. ज्येष्ठाच्या पाठोपाठ धोंडा, म्हणजे अधिक आषाढ. १९५० साली अधिक आषाढ होता. त्याच्या आधीचा १९३१ चा, नंतरचा १९६९ चा. पुरीला जगन्नाथाच्या मूर्ती अधिक आषाढ येतो त्या वर्षी नव्या करतात, ते नवकलेवरही १९५० मध्ये झालं होतं. म्हणजे साल मास्तरांनी बरोबर लिहिलं होतं. मग त्या सालची ज्येष्ठी पौर्णिमा काढली. कालनिर्णयचा उपयोग नाही, ते १९७३ पासूनचं. जुनं पंचांग बघितलं, तर ३१ मे १९५०, बुधवार.

एक दिवस! मास्तरांनी डोळे झाकून टाकलेली तारीख एका दिवसानं हुकली होती. आण्णांना सांगितलं तर आधी विश्वास बसेना. मग बराच वेळ हसत बसले. म्हणाले, "बिचाऱ्याला पंच्याहत्तर वर्षं शिव्या घातल्या की मी."

आणि यंदा ३१ मे शनिवारी. भाऊ दुपारीच सगळ्यांना घेऊन आला. बापलेकांनी भांडणाचा विषय काढला नाही, आण्णांनी फक्त विचारलं, "वाटेत पाऊस लागला काय?" यंदा मेमध्येच पाऊस आला होता, त्यामुळं हा प्रश्न सोयीचा होता.

हॉल रद्द केला, माडीवरच केलं. आत्यांनी कणकेचे ७५ दिवे केले. दिवे विझू नयेत म्हणून पंखा बंद, दमट हवा, परातीची धग, आणि खोलीत पन्नास माणसं. औक्षण होईपर्यंत सगळे घामानं निथळले. दिवसपाळी सुटल्यावर आण्णांचे दोस्त आले. वहिफणीवाले काका आले. बीमाचे हजारो धागे एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम, आता डोळ्यांना दिसत नाही. ते परातीजवळ हात धरून बसले आणि म्हणाले, "पंच्याहत्तर हाईत न्हवं? ऊब लागतीया." कांडीवाल्या मावशी आल्या, दिवाणजी आले. ज्या कारखान्यात हे सगळे एकत्र होते तिथले साधे माग कधीच भंगारात किलोवर गेले. ही माणसं पूर्वी रोज भेटायची, आता कुणाच्या तरी मयताला भेटतात. त्या रात्री साडेअकरापर्यंत कुणी हललं नाही.

रात्रपाळीवाले राहिले होते. ते रविवारी सकाळी आले, थेट मागावरनं, केसांत कापसाचं तूस तसंच. त्यांना उरलेला केक, जयसिंगपूरचं भडंग आणि चहा. म्हणजे १ जूनही साजरा झालाच. आण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा मास्तरांच्या नावानं पेढा खाल्ला.

मग १० जूनला बेंदूर आला. त्या दिवशी घरात आम्ही तिघंच. आणि इतकी वर्षं माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट आई बोलली. ज्येष्ठी पौर्णिमा म्हणजे वटपौर्णिमा. म्हणजे लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या प्रत्येक वाढदिवसाला आईचा कडक उपास. पोळ्या तिनं लाटायच्या, आणि ताटावर बाकीच्यांनी बसायचं! आई म्हणाली, "ह्यांच्या वाढदिवसाची पोळी मी गरम कधी खाल्लीच नाही." आण्णा गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः पुरण गरम करत उभे होते. त्यांना तवा कुठं ठेवलाय तेही सापडत नव्हतं.

आता आईचा वाढदिवस. ती शाळेत गेलीच नाही, त्यामुळं तिला १ जूनसुद्धा नाही. आधार कार्डावर नुसतं साल छापलंय, तेही अंदाजानं. तिचं माहेर निपाणीकडचं. तिला दोनच गोष्टी ठाऊक आहेत. एक, गाव म्हैसुरात गेलं तेव्हा ती पाळण्यात होती, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६. आणि दुसरी, ती झाली तेव्हा रानात शेंगा काढायचं चाललं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर धरायला हरकत नाही. तिच्याहून मोठे एक मामा अजून आहेत, त्यांना ऐकायला कमी येतं पण जुनं सगळं पाठ आहे. येत्या रविवारी आम्ही चौघं त्यांच्याकडं निघालोय. आण्णांनी पिशवीत १९५६ चं पंचांग आधीच घालून ठेवलंय.