आठची घंटा





स्वागत समितीच्या वतीने आणि आमच्या सत्तावीस घरांच्या मंडळीच्या वतीने मी तुमचे मनापासून स्वागत करतो. एवढ्या लहान मंडळीने लुथरन मंडळ्यांचे हे संमेलन बोलवायचे धाडस कसे केले, असे काहींना वाटले असेल. आम्हालाही आधी वाटले होते. पण पहिल्याच बैठकीत महिला मंडळाने सांगितले की पाहुणे घरोघरी उतरतील, स्वयंपाक एकत्र होईल, आणि पाण्याची काळजी आम्ही करू. त्यावर पुढे चर्चाच झाली नाही. काही कमी पडले तर ज्या घरी उतरला आहात तिथे हक्काने मागा. बागांमध्ये आंबिया बहराची तोडणी चालू आहे, तेव्हा संत्र्यांना मात्र काही कमी पडणार नाही.

आमचा हा भाग बाहेरून येणाऱ्यांना चटकन कळत नाही. सौंसर आणि पांढुर्ण्याचा हा पट्टा. 1956 मध्ये राज्यांची नवी आखणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. आमच्या घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि माझ्या आजीच्या तोंडी तर शेवटपर्यंत गोंडी होती. उपासना मात्र पहिल्यापासून हिंदीत. ही एवढी माहिती आत्ताच देतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

संमेलनाची तयारी करताना आम्ही वेस्ट्रीतले जुने लाकडी कपाट रिकामे केले. तळाशी, वाळवीपासून कशीबशी वाचलेली, बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही निघाली. विटकरी पडलेली शाई, सुवाच्य नागरी अक्षर, आणि प्रत्येक पानावर हाताने आखलेले रकाने: तारीख, नाव, वय, आईबापाचे नाव, गाव. मी पाने उलटत गेलो. 1900 सालच्या पानांवर आलो तेव्हा हात थांबला. आईबापाचा रकाना कोरा. खालच्या ओळीतही कोरा. पूर्ण पान तसेच. गावाच्या रकान्यात कुठे कुठे ‘ठाऊक नाही’ एवढेच लिहिलेले.

तुमच्यापैकी ज्येष्ठांना हे पान कशाचे आहे ते सांगावे लागणार नाही. 1896-97 चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ 1899-1900 चा. मध्य प्रांतात गावेच्या गावे ओस पडली, आणि रस्त्याच्या कडेला सापडलेली मुले मिशनच्या अनाथालयांत आली. त्या पानावर खालून तिसरी नोंद माझ्या आजोबांची आहे. वय अंदाजे पाच. पुढचे दोन्ही रकाने कोरे.

बंधुभगिनींनो, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चाळीस वर्षे मी या मंडळीत ‘जुन्या घरातला’ म्हणून वावरलो. कोणी नवीन सूचना केली की ‘आपल्याकडे असे नसते’ हे वाक्य सर्वांत आधी माझ्या तोंडी येत असे. आणि माझ्या घराण्याची या मंडळीतली पहिली नोंद अशी की, कुठला कोण, ठाऊक नाही. कोणीतरी दार उघडले म्हणून आम्ही आत आलो. ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली तर सगळीच घरे अशी बाहेरून आलेली दिसतात. कोणी गोंड पाड्यावरून, कोणी वऱ्हाडातून मजुरीला आलेले, कोणी रेल्वेच्या कामावरचे. या मंडळीत मूळचे असे कोणीच नाही.

आता एक गोष्ट सांगतो, आणि ती आमच्या चुकीची आहे.

चार वर्षांपूर्वी इथल्या एका दवाखान्यात झारखंडहून एक परिचारिका भगिनी नोकरीला आली. रविवारी ती उपासनेला यायची, तीही अर्ध्या उपासनेला, आणि शेवटच्या बाकावर बसायची. आशीर्वचन झाले की निघून जायची. सहा महिने आमच्यापैकी कोणी तिला नाव विचारले नाही. आम्हाला वाटले, दुसऱ्या पंथाची असेल, अधूनमधून येते. शेवटी आमच्या पाळकबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नींनी, तिला दारात गाठले. तेव्हा कळले की ती गॉसनर चर्चची, म्हणजे आमच्याहून जुन्या लुथरन घरातली. अर्ध्या उपासनेला का येते, तर तिची नाइट ड्यूटी आठला संपते आणि आमची घंटा आठलाच होते. कपडे बदलून चालत येईपर्यंत शास्त्रवाचन संपलेले असायचे.

हा विषय मंडळीच्या बैठकीत आला. वेळ नऊची करावी, एवढाच प्रस्ताव. दोन बैठका झाल्या आणि दोन्हींत आवाज चढले. आठची घंटा ही आमच्या वाडवडिलांनी ठरवलेली, तिला हात लावायचा नाही, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. तिसऱ्या बैठकीत आमच्यातल्या सर्वांत वृद्ध मावशींना कोणीतरी विचारले की आठची वेळ ठरली तरी कशी? त्यांनी अगदी सहज सांगितले, ‘अरे, गाडीमुळे.’

छिंदवाडा-नागपूर छोटी गाडी तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आमच्याकडे त्या काळी स्वतंत्र पाळक नव्हते. पाळकसाहेब सकाळच्या छोट्या गाडीने उतरत, स्टेशनवरून थेट चर्चमध्ये येत, आठला घंटा होई, आणि उपासना, प्रभुभोजन, आजाऱ्यांच्या भेटी उरकून दुपारच्या गाडीने ते परत जात. म्हणून आठ. ती छोटी लाइन 2015 च्या अखेरीला कायमची बंद झाली. रूळ उखडले गेले, मोठी लाइन आली, गाड्यांच्या वेळा बदलल्या, आणि आमचे पाळकसाहेब तर चर्चच्या आवारातच राहतात. जी गाडी येत नव्हती तिच्या वेळेवर आम्ही घंटा वाजवत होतो, आणि जी बहीण रात्रभर रोग्यांची सेवा करून पायी येत होती तिच्यासाठी एक तास सरकायला तयार नव्हतो.

ज्यांनी ती आठची वेळ ठरवली त्यांनी ती परंपरा म्हणून ठरवलीच नव्हती, हे माझ्या मनाला फार लागले. त्यांनी माणसांची सोय पाहिली. पाळकांना येता यावे, लोकांना वचन ऐकता यावे, म्हणून त्यांनी घड्याळ हलवले. आम्ही त्यांचे घड्याळ सांभाळले आणि त्यांची काळजी विसरलो.

आणि आपण तर लुथरन आहोत. नुकताच 31 ऑक्टोबरला आपण सुधारणा दिन पाळला. त्या दिवशी 1517 च्या पंचाण्णव सिद्धांतांबद्दल आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण मला त्यानंतरचा लुथर जास्त जवळचा वाटतो. वार्टबुर्गच्या गढीत लपून बसलेला असताना अवघ्या काही आठवड्यांत त्याने नवा करार जर्मन भाषेत आणला, आणि 1522 च्या सप्टेंबरात तो छापून लोकांच्या हाती पडला. 1524 मध्ये गीतांची एक पुस्तिका निघाली. तीत गीते किती? आठ. त्यांतली चार त्याची स्वतःची. आपल्या एवढ्या मोठ्या गायनपरंपरेची सुरुवात आठ गीतांची आहे, हे लहान मंडळ्यांनी विसरू नये. 1526 मध्ये त्याने जर्मन भाषेतली उपासना तयार केली. पुढे 1528 मध्ये सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्या पाहायला तो निघाला आणि पाहून हळहळला. लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नव्हती. त्याने काय केले? 1529 मध्ये लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, घरातल्या वडीलधाऱ्याने मुलांना समोर बसवून शिकवावी अशी. आपण दृढीकरणाच्या वर्गात घोकली तीच ही. समोर जो माणूस आहे त्याला कळेल असे करायचे, हेच तो आयुष्यभर करत राहिला.

आपल्या देशातही तसेच घडले. 9 जुलै 1706 रोजी त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे दोन मिशनरी तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांना तमिळचा एक शब्द येत नव्हता. त्सीगेनबाल्ग लहान मुलांच्या शाळेत मुलांबरोबर वाळूत बोटाने अक्षरे गिरवत बसला. 1715 मध्ये तमिळ नवा करार छापून झाला. छत्तिसाव्या वर्षी तो गेला. पुढे 1733 मध्ये आरोन या तमिळ बांधवाची पाळक म्हणून दीक्षा झाली.

आमच्या त्या भगिनीच्या गॉसनर चर्चची कथा तर आज इथे जमलेल्या प्रत्येकाने घरी नेण्यासारखी आहे. 2 नोव्हेंबर 1845 रोजी चार मिशनरी रांचीला पोहोचले. पहिल्या चार उरांवांचे बाप्तिस्मे झाले ते 1850 मध्ये. त्यासाठी जवळजवळ पाच वर्षे वाट पाहावी लागली. मग मंडळी वाढली, रुजली, आणि पहिल्या महायुद्धात सगळे जर्मन मिशनरी सरकारने हलवले. पैसा थांबला, मार्गदर्शन थांबले. दुसऱ्या पंथात सामील व्हा असाही पर्याय पुढे आला. तेव्हा तिथल्या मुंडा, उरांव बांधवांनी 10 जुलै 1919 रोजी आपली मंडळी स्वायत्त असल्याचे जाहीर केले, आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला.

मी बागाईतदार माणूस, म्हणून मला हे माझ्या भाषेत कळते. संत्र्याला बहर हवा असेल तर हिवाळ्यात पाणी तोडावे लागते. आम्ही त्याला ताण देणे म्हणतो. पाने मलूल होतात, बघणाऱ्याला वाटते झाड गेले. मग पाणी दिले की फांदी फांदी फुलते. तोडणी झाली की वाळलेल्या काड्या कापायच्या, त्याला आम्ही सल काढणे म्हणतो, आणि कापल्या जागी बोर्डो मलम लावायचे. मलम लावण्याबद्दल मी मुद्दाम बोलतो आहे. बदल करताना ज्यांना दुखते त्यांची विचारपूस केली पाहिजे. आमच्याकडे महिन्यातून एक उपासना मराठीत सुरू केली तेव्हा दोन घरे फार दुखावली. त्यांच्या आईवडिलांनी मरताना जी प्रार्थना म्हटली ती हिंदीत होती. ते दुःख खोटे नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो, एकदा नाही, चार-पाच वेळा. पहिल्या मराठी उपासनेत शास्त्रवाचन त्यांच्यातल्याच एका आजोबांनी केले, आणि प्रभूची प्रार्थना हिंदीतच ठेवली. त्या दिवशी नारायण वामन टिळकांचे भजन पेटी आणि टाळांवर झाले, तेव्हा कधी तोंड न उघडणाऱ्या सुना भिंतीशी बसून मोठ्याने गात होत्या. वर्षानुवर्षे त्या गप्प का होत्या, हे मला तेव्हा समजले.

वचन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, यांना हात लावण्याची गोष्ट इथे कोणी करत नाही. ते जंभेरीच्या खुंटासारखे आहे. मुळे त्याची, जमीन धरून ठेवणारा तो. पण नुसता खुंट वाढवला तर संत्रे धरत नाही, त्यावर बाहेरून आणलेला डोळा भरावाच लागतो. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने जैतुनाच्या कलमाबद्दल लिहिले आहे, ते बागेत उभे राहून एकदा वाचून पाहा.

वाढीबद्दल बोलताना आपण लगेच डोकी मोजतो. आमची डोकी फार वाढलेली नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तरुण मुले नागपूरला, पुण्याला जातात, आणि जाणारच. पण आता त्या परिचारिका भगिनीबरोबर तिच्या चार सोबतिणी येतात. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले एक तेलुगू कुटुंब येते. मंडळीच्या पंचांत पहिल्यांदाच दोन स्त्रिया आहेत, आणि हिशेबाची वही आता त्यांच्यापैकी एकीकडे असते. गेल्या कापणीच्या सणाला सादरी भाषेतले गीत आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा घुमले. शब्द आम्हाला फारसे कळले नाहीत. टाळ्या मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोहोचल्या.

या दोन दिवसांत इथे मंडळ्यांचा कारभार, तरुणांचे प्रश्न, स्त्रियांची सेवा, निधी अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलतील. माझी यजमान म्हणून एकच विनंती आहे. तुमच्या मंडळीतली आठची घंटा कोणती, हे चर्चेत मोकळेपणाने सांगा. कोणती गोष्ट कोणासाठी सुरू झाली होती, आणि ती माणसे आज आहेत का? आमच्याकडे उत्तर सापडायला तीन बैठका लागल्या आणि एका मावशीची आठवण लागली. तुमच्याकडेही अशा मावशी असतील. त्या हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसा.

ती जुनी नोंदवही दाराजवळच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे. 1900 चे पान उघडे आहे. बाकीची पाने पाहायची असतील तर आमच्या तरुण संघाच्या मुलांना सांगा, ते जपून उलटून दाखवतील. तुमच्या गावाचे किंवा आडनावाचे काही सापडले तर आम्हाला कळवा, कारण आजही पुष्कळ रकाने कोरे आहेत.

चहा उद्या सकाळी सातपासून मिळेल. पहिली घंटा नऊला होईल. रात्रपाळी संपवून आमच्या भगिनी दवाखान्यातून थेट इकडे येणार आहेत, तेवढी पुढची दोन बाके त्यांच्यासाठी मोकळी ठेवा.