दुसऱ्यांदा वस्तरा



मध्यंतरी एका प्रायोगिक नाटकात मला विधवेची भूमिका मिळाली. काळ 1880च्या आसपासचा, घर पुण्यातल्या वाड्यातलं. पहिल्या अंकाच्या शेवटी तिचं केशवपन. संहिता वाचतानाच मनात आलं, इथे मी रडणार, प्रेक्षक रडणार, पडदा पडणार. असा हुकमी प्रवेश हाती लागला की नट आधी खूश होतो. लाज नंतर वाटते.

मग वाचायला बसले. आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ आणि त्यांच्या धाकट्या बहिणीची, पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’. माहेर दोघींचं देवरुखचं आणि वैधव्य दोघींच्याही वाट्याला आलेलं. पार्वतीबाई तर केशवपन झालेल्या अवस्थेतच आनंदीबाईंचे दुसरे पती अण्णासाहेब कर्वे यांच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. पुन्हा केस राखायचं त्यांनी ठरवलं ते 1912 साली.

या सालापाशी मी अडकले. कारण अगदी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती: केस वाढतात! नाटकात वस्तरा एकदाच फिरतो. त्या बायकांच्या डोक्यावर तो वर्षानुवर्षं फिरत राहिला. पहिल्या वेळी रडू येत असेल. चाळिसाव्या वेळी काय येत असेल?

आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या केशकर्तनकारांना विचारलं, वस्तऱ्याने डोकं करायचं म्हणजे नेमकं कसं? ते म्हणाले, “आधी पाणी जिरवावं लागतं, चोळून चोळून. नाहीतर वस्तरा ओढतो.” घरी येऊन मी स्वतःच्या डोक्यावर पाणी चोळून पाहिलं. बराच वेळ लागतो. जिने परपुरुषासमोर यायचं नाही, तिच्या डोक्यावर तेवढा वेळ एका परक्या पुरुषाचा हात. हे मला कुठल्याच रंगसूचनेत सापडलं नव्हतं.

दुसऱ्या अंकात आम्ही अर्ध्या मिनिटाचा मुका प्रवेश घातला. ती भाजी निवडत बसलेली असते. मागल्या पडवीत न्हाव्याची धोकटी टेकल्याचा आवाज होतो. ती हात धुते, आलवणाचा पदर डोक्यावरून खाली घेते आणि जाऊन बसते. बस्स. पहिल्या अंकातलं रडणं मात्र तसंच राहिलं. दिग्दर्शकांना ते हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

न्हाव्याचं काम करणाऱ्या मुलाला संवाद नव्हता. 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा घेऊन विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, हे त्याला कुठेतरी वाचायला मिळालं. तो लेखकाकडे गेला, म्हणाला, मला एक वाक्य द्या. लेखक म्हणाले, नाटक दहा वर्षं आधीचं आहे, देता येणार नाही.

तेव्हापासून तो वस्तरा पुसायला जरा जास्तच वेळ लावतो.