ऐकावे कानांनी, किंमत झाकून

(मासिक बैठकीतील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



बुवाबाजीवर आपण इथे अनेकदा बोललो आहोत. आजचा विषय वरकरणी चैनीचा आहे. पाच-दहा हजार युरोंचे अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांची मासिकांतली परीक्षणे, यांवर कितपत विश्वास ठेवावा? आपल्यापैकी बरेच जण अभियंते आहेत, हाती चार पैसे आले आहेत, आणि कुमारजी, किशोरीताई चांगल्या यंत्रणेवर ऐकाव्यात ही इच्छा रास्तच आहे. म्हणूनच हा प्रश्न विचारायला हवा.

अ‍ॅम्प्लिफायरचे काम मर्यादित आहे: आलेला सिग्नल, काही न मिसळता आणि काही न गाळता, मोठा करून स्पीकरला देणे. त्यात किती चूक होते ते मोजता येते. आज माफक किमतीच्या पण नीट बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही ही चूक कानाला जाणवणार नाही इतकी कमी असते. अपवाद आहेत. व्हॉल्व्हच्या काही अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज स्पीकरनुसार बदलतो. कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर अवघड स्पीकरपुढे दमतो. हे फरक खरे आहेत, पण ते किमतीला बांधलेले नाहीत.

नेदरलँड्समधलेच उदाहरण घ्या. ब्रुनो पुट्झेस या बेल्जियन अभियंत्याने फिलिप्समध्ये असताना क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरची एक नवी रचना केली. ग्रोनिंगेनच्या हायपेक्स कंपनीने तिची, आणि पुढे त्याच्याच एनकोर रचनेची, मॉड्यूल्स विकायला काढली. हौशी लोक ती आणून घरी पेटीत बसवतात. नामांकित कंपन्याही ती आपल्या पेटीत बसवतात. कंपनीने इनपुटचा भाग स्वतःचा केलेला असू शकतो, हे मान्य. पण आत गाभा तोच असताना किंमत कित्येक पट होते, तेव्हा आपण जाड अ‍ॅल्युमिनियमचे आणि नावाचेही पैसे मोजत असतो.

मग परीक्षक खोटे बोलतात का? बहुधा नाही. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिले: तुमच्या पसंतीच्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरसारखाच माझा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर वाजवून दाखवतो. दोन्हींच्या आउटपुटची वजाबाकी करायची आणि उरलेला फरक कमी करत जायचा, ही त्याची पद्धत. अखेर संपादकांना फरक सांगता आला नाही, आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे छापले. तरीही किंमत आणि नाव डोळ्यांसमोर ठेवून परीक्षण लिहिण्याची रीत काही मोडली नाही.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असे आपण म्हणतो. पण मनच फसत असेल तर? आवाज किंचित मोठा असला की तो 'अधिक जिवंत' वाटतो. किंमत माहीत असली की कान तिच्या बाजूने साक्ष देतात. त्यात भर म्हणजे परीक्षणाचे यंत्र बहुधा कंपनीच उसने देते आणि जाहिरातीही तिच्याच. याउलट १९५३ साली स्थापन झालेली इथली कॉन्झ्युमेंटेनबॉन्ड ही ग्राहक संघटना वस्तू दुकानातून विकत घेऊन तपासते आणि आपल्या मासिकात जाहिराती घेत नाही. विश्वास अशा व्यवस्थेतून येतो. परीक्षकाच्या सज्जनपणावर तो सोडून चालत नाही.

म्हणून परीक्षण वाचा, पण आधी मोजमापांचे पान वाचा. 'स्टिरिओफाइल'ही ती छापते. मग घरी चाचणी करा. ऑनलाइन खरेदी युरोपीय कायद्याने चौदा दिवसांत परत करता येते. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज व्होल्टमीटरने सारखा करा, यंत्रे झाका, आणि कोणते लावायचे ते दुसऱ्याला नाणे उडवून ठरवू द्या. सोळा वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. बारा आली तर खुशाल घ्या. नाही आली तर तो पैसा स्पीकरवर आणि खोलीतला घुमारा कमी करण्यावर खर्च करा. तिथला फरक न झाकताही कळतो.

अंधश्रद्धा निर्मूलन समिती चमत्काराचा दावा करणाऱ्याला एवढेच सांगते, की फसवणुकीला वाव नसेल अशा परिस्थितीत तो करून दाखवा. गावाकडच्या बाबाला जी अट आपण घालतो, ती आपल्या दिवाणखान्यातल्या चकचकीत पेटीला लावायला आपण कचरलो, तर आपला विवेक फक्त दुसऱ्यांसाठी आहे असे होईल.