ताऱ्याचे तेज झाकून ग्रहाचा शोध



मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे असता समोरून येणारा माणूस ओळखायचा झाला, तर आपण कपाळावर हात आडवा धरतो. दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह पाहण्याची युक्ती मूलतः हीच आहे. अडचण आहे ती प्रमाणाची. दृश्य प्रकाशात सूर्य हा पृथ्वीपेक्षा सुमारे १,००० कोटी पटींनी तेजस्वी आहे.

१९९५ साली मिशेल मेयर व डिडिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. आज अशा परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. परंतु त्यांतील बहुतेक ग्रह कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डळमळतो, किंवा ग्रह आड आल्याने त्याचे तेज किंचित घटते, यावरून ते ओळखले गेले. २००९ ते २०१८ या काळात केप्लर दुर्बिणीने दुसऱ्या रीतीने २,६०० हून अधिक ग्रह शोधले.

ताऱ्यावर पडदा धरणाऱ्या उपकरणाला कोरोनाग्राफ म्हणतात. ग्रहणाविना सूर्याचे प्रभामंडल पाहता यावे, म्हणून बर्नार लिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास ते बनविले. भारताने २०२३ साली सोडलेल्या आदित्य-एल१ यानावरही सूर्यासाठी असेच उपकरण आहे.

तथापि, नुसती चकती पुरत नाही. प्रकाश तिच्या कडेने वळतो. आरशातील सूक्ष्म उंचसखलपणामुळेही तो विखुरतो. म्हणून नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीच्या कोरोनाग्राफमध्ये दोन लवचीक आरसे बसविले आहेत. त्यांचा पृष्ठभाग मागून सूक्ष्म प्रमाणात हलवून हा विखुरलेला प्रकाश दाबता येतो.

२०२१ साली सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात, सुमारे १२ प्रकाशवर्षांवरील एप्सिलॉन इंडी या ताऱ्याच्या ग्रहाचे चित्र घेतले. ते २०२४ साली प्रसिद्ध झाले. हा ग्रह गुरूहून कितीतरी जड आहे. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याजवळ असा टिपणे अद्याप साधलेले नाही. त्यासाठी अमेरिकेत याहून समर्थ दुर्बिणीची आखणी चालू आहे.

तो ग्रह दिसला तरी चित्रात तो केवळ एक ठिपका असेल. परंतु त्या ठिपक्याचा वर्णपट काढला, की तेथील हवेत बाष्प आहे काय, प्राणवायू आहे काय, हे कळू शकेल. प्राणवायू जीवसृष्टीविनाही निर्माण होऊ शकतो. म्हणून निष्कर्ष सावधपणेच काढावा लागेल. आपण विश्वात एकटे आहोत काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र आता तर्कावर न सोडता मोजमापाने शोधता येईल, हेच या खटाटोपाचे मोल आहे.